ऊसतोडीहून परतलेली मुलगी बोलत नाही, चावते, खाऊ लपवते: एका अंगणवाडीताईंना उत्तर

बीड जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने विचारलं आहे. त्यांच्याकडे साडेचार वर्षांची एक मुलगी येते. आईवडील ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामात ही आणि तिची नऊ वर्षांची बहीण, दोघीही बरोबर गेल्या होत्या. एप्रिलमध्ये कुटुंब गावी परतलं, मे महिना बरा गेला. जूनपासून मात्र ही मुलगी अंगणवाडीत तोंडातून शब्द काढत नाही. कुणी जवळ आलं की चावते. खिचडीचे घास फ्रॉकच्या ओच्यात लपवते. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की दाराआड जाऊन बसते. आई म्हणते, "तिथं तर नीट होती की. इथंच काय झालं कुणास ठाऊक." ताईंचे प्रश्न दोन. हिच्या मनावर कायमचा परिणाम झाला आहे का? आणि मी डॉक्टर नाही, तर मी नेमकं काय करायचं?

ताई, उत्तराचा धागा तुम्हीच लिहून पाठवला आहे. मे बरा गेला आणि जूनमध्ये बिघडलं. मग जूनमध्ये काय बदललं ते पाहू या. शाळा उघडली आणि मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागली.

आता हंगामातला तिचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे चारच्या सुमाराला कोयता घेऊन आईबाप कोपीतून, म्हणजे तळावरच्या झोपडीतून, बाहेर पडतात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी कारखान्यावर गेली की नंबर लागेपर्यंत बाप तिकडेच. आई परत येते ती अंगात त्राण न उरलेली, आणि पुन्हा चूल पेटवते. या सगळ्या वेळात या मुलीला उठवलं कुणी, चहात भाकरी कुस्करून दिली कुणी, परसाकडे नेलं कुणी, भोंगा वाजला तर पोटाशी धरलं कुणी? नऊ वर्षांच्या बहिणीने. पाच-सहा महिने या मुलीचं आधाराचं माणूस म्हणजे ती बहीण होती. मे महिन्यात दोघी घरात बरोबर होत्या, म्हणून मे बरा गेला. जूनमध्ये रोज सकाळी दप्तर घेऊन ते माणूस निघून जाऊ लागलं. कुठे जातं, परत कधी येणार, हे हिला कुणी सांगितलं नसणार. मोठ्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

म्हणजे आई खोटं बोलत नाही. तिथे बहीण जवळ होती म्हणून मुलगी तिथे खरोखरच नीट होती. आईचं हे वाक्य "जबाबदारी झटकतेय" असं समजून बाजूला टाकू नका. मुलीला नीट ठेवणारी गोष्ट कोणती होती, हे त्या वाक्यातून कळतं.

पण बहिणीपर्यंत जाण्याआधी शरीर तपासा. मनाचं नाव घेण्याआधी हे मी नेहमी विचारते आणि तुम्हीही विचारा. तिला ऐकू नीट येतं का? हंगामात कान वाहणं सर्रास असतं, आणि कमी ऐकू येणारं मूल गप्प राहतं, दचकतं, मागून कुणी हात लावला तर चावतंही. तिच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घेऊन बघा, वाटी-चमचा वाजवून बघा. वजन-उंची घ्या आणि हंगामाआधीच्या नोंदीशी ताडून बघा. डोळ्यांच्या खालच्या पापणीत फिकटपणा दिसतो का? माती खाते का? जंताची गोळी कधी दिली होती? रात्री खाजेमुळे झोपमोड होते का? रक्त कमी आणि झोप अपुरी असलेलं लेकरू चिडचिडं असणारच. आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक येईल तेव्हा हिचं नाव वरती ठेवा, आणि कानाबद्दल शंका असेल तर पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये पाठवा. आणि आईला एकांतात एकच प्रश्न विचारा: घरी बोलते का? घरी बहिणीशी नेहमीसारखी बोलत असेल आणि फक्त अंगणवाडीत गप्प असेल, तर ती गोष्ट वेगळी आणि हलकी. घरीही बोलणं बंद झालं असेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका, लगेच तपासणीला पाठवा.

आता तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टी. बोलत नाही, चावते, घास लपवते, ट्रॅक्टरला भिते. वरवर चार तक्रारी दिसतात, पण आत एकच अवस्था आहे. ती सतत सावध आहे. लहान मुलाला धोका वाटला की शरीर तयारीला लागतं. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्यं रक्तात वाढतात. हे वाईट नाही, जगण्यासाठीची सोय आहे. मोठं माणूस जवळ घेतं, पाठीवर हात फिरवतं, शरीर पुन्हा शांत होतं, आणि असं शेकडो वेळा झालं की मूल स्वतःला शांत करायला शिकतं. बिघडतं कधी, तर धोका रोजचा असतो आणि शांत करणारं कुणी हाताशी नसतं तेव्हा. मग शरीर सावधपणातच राहू लागतं. कोपीत चूल उघडी, साप-विंचू, रात्रीअपरात्री ट्रॅक्टरची ये-जा, फडाच्या कडेला झोपवलेली पोरं. अशा ठिकाणी सावध असणं शहाणपणाचंच होतं. तिचं शरीर तिथे जे शिकलं, तेच ती तुमच्या अंगणवाडीत वापरते आहे. तिला वेडी, हट्टी, वांड म्हणू नका, आणि इतर बायकांनाही तिच्यासमोर म्हणू देऊ नका.

काय करायचं, ते सांगते. तुमच्याकडे वेळ किती कमी आहे हे मला माहीत आहे. एका हातात पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप, दुसऱ्या हातात रजिस्टर, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. म्हणून वेगळा तास काढावा लागेल असं काहीच सांगत नाही.

पहिलं काम सकाळचं. मोठ्या बहिणीला सांगा की शाळेत जाण्याआधी हिला तिनेच सोडायचं, आणि दहा मिनिटं आत बसायचं. बहुतेक गावांत शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असते, त्यामुळे हे जमतं. शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना एकदा कारण सांगून ठेवा. निघताना बहिणीने चुपचाप सटकायचं नाही. "मी शाळेत चालले, मधल्या सुट्टीत येते," असं तोंडावर सांगून जायचं. ही रडेल. रडू द्या. सांगून गेलेलं माणूस परत येतं हे तिला रोज अनुभवायला मिळायला हवं, आणि त्यासाठी मधल्या सुट्टीत बहीण खरंच यायला हवी. पहिले काही आठवडे यात खाडा होऊ देऊ नका. बहिणीची ओढणी, रुमाल, जुनी वही, असं काहीतरी हिच्याजवळ राहू द्या. इतर मुलं हसली तर त्यांना सांगा, ते तिच्या ताईचं आहे, तिच्याकडेच राहणार.

दुसरं, अंगणवाडीत तिचं एक माणूस ठरू द्या. इथे माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे: ते माणूस तुम्हीच असाल असं गृहीत धरू नका. अशी मुलं बऱ्याचदा मदतनीस ताईंकडे वळतात. खिचडी त्यांच्या हातची असते, त्या कमी प्रश्न विचारतात आणि दिवसभर एका जागी सापडतात. मुलगी त्यांच्या पदराला धरून स्वयंपाकाच्या खोलीत उभी राहत असेल तर "इथं काय करतेस, वर्गात बस" म्हणून ओढून आणू नका. चुलीपासून लांब पाट टाकून द्या, मटार सोलायला, डाळीतले खडे निवडायला द्या. काही दिवसांनी मदतनीस ताई स्वतः तिला घेऊन मुलांमध्ये येऊन बसतील, मग ती बसेल. आणि त्या रजेवर जाणार असतील तर आदल्या दिवशी तिला सांगा.

खाऊ लपवण्याबद्दल. हिसकावू नका, ओचा झटकू नका, "घरी मिळत नाही का" असं तर चुकूनही म्हणू नका. पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसलेल्या मुलाने घास मागे ठेवणं हा हिशेब बरोबर आहे. तो हिशेब बदलायचा तर खात्री द्यायची. तिच्या नावाची झाकणाची एक डबी आणा. जेवण झालं की तिच्या हाताने त्यात शेंगदाण्याचा लाडू, केळं, राजगिऱ्याची वडी, जे टिकेल ते ठेवा आणि डबी तिला दिसेल, तिचा हात पोचेल अशा जागी ठेवा. घरी जाताना ती तिच्याबरोबर जाईल. खिचडी खराब होते, ती लपवायची नाही, पण डबी तुझीच, एवढंच सांगा. आधी ती दिवसातून अनेकदा डबी उघडून बघेल. काही आठवड्यांनी बघायचं विसरू लागेल. ओचा रिकामा दिसला तरी डबी लगेच बंद करू नका.

चावणं. इथे दोन मुलांचा प्रश्न आहे, ज्याला चावलं त्याचाही. आधी त्याला जवळ घ्या, जखम धुवा, त्याच्या आईला तुम्हीच सांगा म्हणजे गावभर गोष्ट फिरणार नाही. मग हिच्याकडे वळा. उभ्याने नाही, खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. आवाज खालचा. "तुला भीती वाटली. तो एकदम जवळ आला. चावायचं नाही, मी इथंच आहे." एवढंच. "सॉरी म्हण" चा हट्ट त्या क्षणी निरुपयोगी आहे, शरीर पेटलेलं असताना शब्द आत शिरत नाहीत. त्यापेक्षा चावण्याच्या आधीचं बघा. ही मुलं बहुधा गर्दीच्या वेळी चावतात, रांग लावताना, हात धुताना, मागून धक्का लागला की. तिला रांगेत सगळ्यात पुढे किंवा सगळ्यात शेवटी, भिंतीला पाठ लागेल अशी उभी करा. निम्मं चावणं तिथेच थांबतं, असा माझा अनुभव आहे. आणि तिला कोपऱ्यात एकटं बसवण्याची शिक्षा देऊ नका. एकटं पडण्याच्या भीतीतूनच तर हे सगळं आलं आहे.

बोलण्यासाठी मागे लागू नका. "नाव सांग, मग खाऊ देते" हा प्रकार सगळीकडे चालतो, तो हिच्याबाबतीत पूर्ण बंद. पाहुणे, पर्यवेक्षिका आल्या की "ही बोलत नाही बघा" अशी ओळखही करून देऊ नका. तिच्याशी बोलत राहा, उत्तराची अपेक्षा न ठेवता: "आज पाऊस आला. तुझी चप्पल भिजली. ही बघ, उन्हात ठेवली." तिने बोट दाखवलं, मान हलवली, तर ते उत्तरच समजून पुढे बोला. माती, पाणी, वाळू, चिखलाची भाकरी हे खेळ तिच्यासाठी गाण्यांपेक्षा आधी येतात, कारण त्यात बोलावं लागत नाही आणि हात गुंतले की अंग सैल होतं. एखाद्या दिवशी ती चिखलाच्या ट्रॅक्टरने चिखलाची मोळी ओढेल किंवा बाहुलीला पालापाचोळ्याखाली झोपवून निघून जाईल. मध्ये पडू नका, थांबवू नका, "असं नाही खेळायचं" म्हणू नका. शेजारी बसा. तिने पाहिलेलं ती स्वतःच्या हाताने लहान करून मांडत असते. एकच लक्षात ठेवा. तोच तो खेळ ती दिवसेंदिवस ताठ चेहऱ्याने करत राहिली आणि त्यातून सुटका होतच नसेल, तर मला किंवा तुमच्या जवळच्या तज्ज्ञाला कळवा.

ट्रॅक्टरचा आवाज येईल तेव्हा तिच्या आधी तुम्ही बोला. "ट्रॅक्टर येतोय. रस्त्यावरूनच जाणार. गेला बघ." पुढे पुढे मुलांना सगळ्यांनाच खिडकीशी नेऊन "गेला, गेला" म्हणत टाळ्या वाजवायला लावा. तिला जबरदस्तीने खिडकीशी उभं करू नका, ती आपणहून येईल.

आता पहिला प्रश्न, कायमचा परिणाम. तुम्ही कदाचित कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं असेल की बालपणी सोसलेल्या गोष्टींचा पुढे आजारांशी संबंध असतो. ते खरं आहे. अमेरिकेत सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणातल्या मारहाण, हेळसांड, घरातलं व्यसन, अशा अनुभवांबद्दल विचारलं. त्याचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. पण ही मोठ्या समूहाची गोष्ट आहे. एका मुलीच्या अनुभवांची बेरीज करून तिचं भविष्य सांगण्यासाठी ती नाही. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लेख लिहून हा इशारा दिला, कारण लोक तेच करू लागले होते. तुमच्या तालुक्यात कुणी असा गुणांचा तक्ता घेऊन मुलांवर शिक्के मारायला आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम, आणि ते ऊसमळ्यांच्या मुलखातलंच आहे. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर साखरेच्या मळ्यांत राबायला दूरदूरच्या देशांतून लोक आले होते. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. काही मुलांच्या वाट्याला गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार, असं सगळं एकदमच आलं होतं. त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, मायाळू, कामाची माणसं झाली. जी पौगंडावस्थेत घसरली, त्यांतलीही बरीच तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. त्या सावरलेल्या मुलांत पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणी घरात किंवा घराबाहेर निदान एक तरी माणूस त्यांना घट्ट मिळालं होतं. आजी, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई.

यावरून "गरिबांची मुलं काटक असतात, त्यांना काही होत नाही" असा अर्थ कुणी काढला तर मला संताप येतो. उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय? सोसण्याची ताकद नुसती मुलाच्या रक्तात नसते, ती त्याच्या भोवतीच्या माणसांतून येते. तुमच्या मुलीला ते माणूस मिळालं आहे, नऊ वर्षांची बहीण. म्हणूनच मी "कायमचं नाही" असं ठामपणे म्हणते आहे.

आणि म्हणूनच त्या बहिणीबद्दल बोलायला हवं, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. तिच्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही. ती शहाणी, कामसू, आईचा उजवा हात. मी मोठ्या मुलीची जास्त काळजी करते. तिच्या वयात तिला एका जिवाची राखण करावी लागली. चूल, साप, ट्रॅक्टर, दारू पिऊन आलेले लोक, सगळ्यांवर नजर ठेवून. काही झालं असतं तर दोष तिलाच मिळाला असता, आणि हे तिला माहीत आहे. आता शाळेत ती मागे पडली असेल, गुरुजींना ती "झोपाळू" किंवा "लक्ष नाही" अशी दिसत असेल. मी वर तिला सकाळी दहा मिनिटं बसायला सांगितलं, ते आणखी एक ओझं होऊ देऊ नका. मधल्या सुट्टीची भेट मोजक्या आठवड्यांपुरती, मग हळूहळू कमी. तिला तिच्या आईसमोर सांगा, "तू तिला फार चांगलं सांभाळलंस. आता इथं मी आहे, तू खेळायला जा." हे वाक्य तिने कुणाच्या तरी तोंडून ऐकायला हवं.

आईशी बोलताना माता बैठकीत, चार बायकांत हा विषय काढू नका. घरी जा, किंवा ती टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, घ्यायला येईल तेव्हा बाजूला बसवा. सुरुवात तिच्यापासून करा. झोप लागते का, कंबर कशी आहे, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली का. उचल अंगावर असताना पुढच्या हंगामाची धास्ती घरात आत्तापासून असते आणि मुलांना ती कळते. मग मुलीचं सांगा. आईकडून मागायचं ते थोडंच: रात्री झोपताना रोज तेच एक गाणं किंवा तीच गोष्ट, आणि कुठेही जाताना मुलगी झोपेत असताना न जाता आदल्या रात्री सांगून ठेवणं. "पहाटे उठशील तेव्हा आम्ही कामाला गेलेलो असू, ताई जवळ असेल, जेवायच्या वेळेला आई येईल." गाढ झोपेतून उठल्यावर जवळ कुणीच नसण्याचा धसका लेकराला वर्षभर पुरतो.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. चावणं, गप्प होणं, दचकणं यामागे कधी कधी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असतो. या मुलीबाबत मला जूनचा धागा पुरेसा वाटतो, तरीही डोळे उघडे ठेवा. लघवीच्या जागी दुखणं, रक्त, कपडे बदलताना आकांत, वयाला न शोभणारी लैंगिक कृती खेळात दिसणं, एका ठराविक माणसाला बघून थिजणं, यांपैकी काही दिसलं तर मुलीला खोदून खोदून विचारू नका. ती आपणहून जे सांगेल ते शांतपणे ऐका, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि गावात मिटवून टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही, सरपंचांनाही नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ग्राम बाल संरक्षण समितीत तुम्ही आहातच, पण ही माहिती समितीच्या बैठकीत चर्चेला ठेवायची नसते. मुलीचं नाव बाहेर जाता कामा नये.

गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलांविषयीही थोडं, कारण तीही तुमच्याकडे असणार. सहा महिन्यांनी आई परत येते आणि दोन वर्षांचं पोर तिच्याकडे जात नाही, तोंड फिरवतं, आजीच्या मागे लपतं. आईच्या काळजाला चरे पडतात आणि शेजारणी म्हणतात, "विसरलं बघ तुला." विसरलेलं नसतं. जेम्स रॉबर्टसन या संशोधकांनी १९५० च्या सुमारास लंडनच्या रुग्णालयांत आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांमध्ये हेच पाहिलं होतं: आधी आकांत, मग उदासी, मग आई आली तरी अनोळखीपणा. आईला सांगा, आठ-दहा दिवस मागे लागू नकोस, उचलून घेण्याची घाई करू नकोस, आजीच्या शेजारी बसून त्याला दिसत राहा, खायला तुझ्या हाताने दे. ते येतं. आल्यावर काही दिवस पिच्छाही सोडत नाही, मारतं, रडतं. ते राग काढणं आहे, चांगली खूण आहे.

मग न्यावं की ठेवावं, हेही आया विचारतात. हंगामी वसतिगृहं शाळेच्या वयाच्या मुलांसाठी असतात, सहा वर्षांखालच्यांना तिथे जागा नाही, म्हणून हा पेच नेमका सगळ्यात लहान मुलांच्या वाट्याला येतो. माझं मत असं: आजी धडधाकट असेल, मुलाला तिचा आधीपासून लळा असेल आणि रोज अंगणवाडीत आणणं तिला झेपत असेल, तर तीन वर्षांच्या पुढचं मूल गावी ठेवावं, आणि आईचा फोन रोज ठरलेल्या वेळी यावा. अंगावर पिणारं मूल आईबरोबरच जाणार. मधल्यांसाठी खरा उपाय घरात नाहीच, तो कारखान्याच्या आवारात, कोप्यांच्या जवळ आहे. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या बाळांसाठी जागेवर पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. ऊसतोडीच्या तळावर पहाटे चार वाजता उघडणारं पाळणाघर ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. मुकादमाला, म्हणजे टोळ्या आणणाऱ्या ठेकेदाराला, मजूर हवे असतात आणि कारखान्याला ऊस, मग त्या मजुरांच्या बाळांना जागा देणं हा गाळपाच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे. तुमच्या संघटनेने ही मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

या मुलीकडे परत येते. माझा अंदाज, बहिणीचं येणं-जाणं आणि डबी नीट चालली तर पोळ्यापर्यंत चावणं बरंच कमी व्हावं. बोलणं सगळ्यात शेवटी येईल, आणि आधी बहुधा मदतनीस ताईंच्या कानात कुजबुजीने येईल. दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, वजन घटलं, किंवा ती स्वतःचं डोकं आपटू लागली, केस उपटू लागली, तर डीईआयसीला पाठवा. मधल्या काळात तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. तो सेविकांनीही वापरावा. तुम्ही स्वतः थकलेल्या, चिडलेल्या असाल त्या दिवशी हिला मदतनीस ताईंकडे सोपवून दहा मिनिटं बाहेर जाऊन बसा. त्यात कमीपणा नाही, कारण ती तुमच्या चेहऱ्यावरून धोका आहे की नाही ते वाचते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या पुन्हा भरतील, त्याची तयारी सप्टेंबरमध्येच सुरू करा. ती जाणार असेल तर तिला कॅलेंडरवर दाखवा, अंगणवाडीत तिची जागा, तिची डबी, तिचा पाट तसाच राहील हे सांगा आणि खरंच तसाच ठेवा. निघायच्या दिवशी मुलांकडून निरोप द्या, मागच्या दाराने जाऊ देऊ नका. तुमच्या आवाजात अंगणवाडीतलं गाणं आईच्या मोबाइलवर भरून द्या. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करा आणि आईला सांगा की तळाजवळच्या अंगणवाडीत आहार मागण्याचा तिला हक्क आहे. तिथली ताई ओळखीची नसेल तर आईच्या हातात एक चिठ्ठी द्या. त्यात वजन-उंची, दिलेल्या लसी आणि खाली दोन ओळी: हिला मागून हात लावू नका, समोरून या. खाऊ डबीत ठेवू द्या.